जुनं गाणं चांगलं की नवं? वाद घालण्याआधी असं ऐकून बघा

गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असताना आमच्या घरातला जुनाच वाद पुन्हा पेटला. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणाला, "पंचाहत्तर सालानंतर गाण्यात काही राम उरला नाही." त्याची नात वीस वर्षांची आहे. ती म्हणाली, "आजोबा, तुमची सगळी गाणी एकाच गतीची. दोन ऐकली की झोप येते." मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले, कारण घरात वाजवणारा मी एकटा. चाळीस वर्षं सांगली, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यात मी तबला-ढोलकी वाजवतोय. ऑर्केस्ट्रा, भजन, नाटकं, स्टुडिओ, सगळीकडे. मी तेव्हा कुणाचीच बाजू घेतली नाही. म्हटलं, रविवारी दोघंही माझ्याकडे या, गाणी समोरासमोर लावू.

तेव्हापासून दर महिन्याला आमची बैठक होते. आता शेजारपाजारचे चार-पाच जणही येतात. तुमच्या घरी अशी बैठक कशी लावायची आणि कुठे फसगत होते, ते आमच्या अनुभवावरून सांगतो.

आधी गाणी नीट निवडा

निम्मा वाद इथेच चुकतो. दादा जी गाणी आणतो ती पन्नास-साठ वर्षांच्या चाळणीतून उरलेली असतात. रेडिओने, कॅसेटवाल्यांनी, गणपतीच्या मंडपांनी आणि स्वयंपाक करताना गुणगुणणाऱ्या आयांनी ती पुन्हा पुन्हा निवडलेली असतात. नात जी आणते ती याच महिन्यातली, त्यांना अजून चाळणीच लागलेली नाही. निवडलेले तांदूळ एका ताटात आणि खळ्यावरचं भात दुसऱ्या ताटात घेऊन चव बघण्यासारखं हे झालं.

चाळणीखाली काय काय पडलं ते बघायचं असेल तर हिंदी गाण्यांसाठी एक फार चांगलं साधन आहे. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी केलेला 'हिंदी फिल्म गीतकोश'. बोलपट १९३१ साली सुरू झाले, तिथपासून दशकवार खंड आहेत आणि चित्रपटामागून चित्रपट घेऊन त्यातल्या गाण्यांची यादी दिली आहे. मोठ्या वाचनालयात तो मिळतो का बघा. मिळाला तर तुमच्या आवडत्या दशकातलं एक साल उघडा आणि यादीवरून बोट फिरवत जा. दादाने १९६२ उघडलं. त्याची खात्री होती की त्या वर्षीचं सगळं त्याला पाठ आहे. पहिल्या शंभर गाण्यांतली त्याला एकवीस आठवली. काही चित्रपटांची तर नावंसुद्धा त्याने ऐकली नव्हती. तो बराच वेळ गप्प बसून पानं उलटत होता.

म्हणून आमचा नियम असा. दोन्ही बाजूंनी एकेक साल ठरवायचं. त्या सालातली पाच गाणी आवडीची आणि पाच चिठ्ठी टाकून काढलेली. चिठ्ठीतली गाणी गाळायची नाहीत, कंटाळा आला तरी पूर्ण ऐकायची. जुन्या चिठ्ठ्यांमध्ये तुम्हाला रटाळ, घाईत बनवलेली, दुसऱ्याची चाल उचललेली गाणी भरपूर सापडतील. क्वचित एखादं असं सापडतं की आजवर कसं ऐकलं नाही याचं वाईट वाटतं. नव्या चिठ्ठ्यांमध्येही हेच होतं.

दुसरी गोष्ट, जातीला जात लावा. साठ सालचं भावगीत आणि हळदीला डीजेवर वाजणारं गाणं एकमेकांसमोर ठेवून लोक निकाल देतात, तो न्याय नव्हे. नाचाचं गाणं नाचाच्या गाण्यासमोर, लावणी लावणीसमोर. सगळ्यात सोपी सुरुवात अभंगापासून होते, कारण शब्द तेच राहतात. चोखोबांचा 'अबीर गुलाल' आधी जितेंद्र अभिषेकींच्या आवाजात ऐका, मग आजच्या कुठल्याही तरुण गायकाचा लावा. शब्दांबद्दलचा वाद आपोआप बाजूला पडतो. नाट्यसंगीतात 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७चं आणि चित्रपट २०१५चा. नाटकातल्या खाँसाहेब या गायकाची भूमिका वसंतराव देशपांडे करत, चित्रपटात खाँसाहेबांची गाणी त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी गायली. अभिषेकींनी बांधलेली तीच पदं, मध्ये जवळजवळ पन्नास वर्षं. या एका जोडीवर आमची एक पूर्ण संध्याकाळ गेली.

मग आवाज सारखा करा

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. दोन गाण्यांपैकी जरा मोठ्याने वाजणारं कानाला जास्त भरीव आणि चांगलं वाटतं. गेल्या तीस वर्षांत गाणी जास्तीत जास्त मोठ्या आवाजात वाजावीत म्हणून त्यांतला बारीक आणि मोठा आवाज दाबून एका पातळीला आणायची पद्धत पडली. त्यामुळे बटण जागेवर ठेवून नवं गाणं लावलं की ते अंगावर येतं आणि जुनं मिणमिणतं. एकाला बटणापाशी बसवा. मुखड्यातला गायकाचा आवाज दोन्हींत सारखा ऐकू येईल अशी पातळी त्याने लावून ठेवावी. मोबाइलवर आवाज मोजायचं अॅप असतं, त्यानेही चालतं. मग गंमत दिसते. जुन्या गाण्यात गायिका पुटपुटल्यासारखं गाते आणि अंतऱ्यात आवाज उघडते, तो चढ-उतार ऐकू येतो. नव्या पुष्कळ गाण्यांत कुजबुज आणि आरोळी एकाच उंचीवर येतात. हा फरक खरा आहे आणि तो गायकाचा दोष नाही, शेवटच्या मास्टरिंगमधला, म्हणजे ध्वनिमुद्रणानंतर आवाजावर फिरवलेल्या शेवटच्या हातातला, आहे.

जुन्या गाण्याची कुठली प्रत लावता तेही बघा. ऐंशी-नव्वदच्या काळात 'झंकार' नावाच्या कॅसेटी निघाल्या होत्या. जुन्या गाण्यांवर वरून इलेक्ट्रॉनिक ड्रम आणि प्रतिध्वनी चढवलेला असायचा. आज नेटवर शोधलं की पुष्कळदा तीच प्रत आधी समोर येते. आमच्या पहिल्या बैठकीत नातीला जे 'एकसुरी' वाटलं होतं त्यातली दोन गाणी झंकारवाली निघाली. मूळ प्रत लावल्यावर ती म्हणाली, "हे वेगळंच गाणं आहे."

दुसरी खोट वेगाची. तबकडीवरून किंवा टेपवरून उतरवताना वेग चुकला की आवाज पातळ आणि चिरका होतो, नाहीतर जड. पेटीवर गाण्याचा षड्ज, म्हणजे सा, लावून बघा. स्वर दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये अडकत असेल तर संशय घ्या आणि दुसरी प्रत शोधा. दरवेळी वेगच चुकलेला असतो असं नाही, पण कान सावध होतात.

चाल पेटीवर वाजवून घ्या

आमच्या बैठकीतली माझी सगळ्यात आवडती परीक्षा ही. गाणं लावलं की पहिल्या दोन सेकंदांत खरखरीवरून आणि वाद्यांवरून कळतं की ते जुनं की नवं, आणि कळलं की माणूस ऐकायचं थांबवतो. म्हणून शेजारच्या काकूंना, त्या भजनी मंडळात पेटी वाजवतात, मी दहा गाण्यांची यादी आधीच दिली. पाच जुनी, पाच नवी, चिठ्ठीतली. त्यांनी नुसत्या चाली वाजवल्या. शब्द नाहीत, ठेका नाही, नावं नाहीत. प्रत्येकाने कागदावर लिहायचं की चाल आवडली का आणि पुन्हा गुणगुणता येईल का.

दादाने सगळ्यात वर लिहिलेली चाल गेल्या वर्षीच्या एका मराठी चित्रपटातली निघाली. नातीने वर लिहिलेली १९५८ सालची.

ही परीक्षा सगळ्या गाण्यांना न्याय देत नाही, हेही सांगतो. आज कित्येक गाण्यांची ताकद चालीत नसून ठेक्यात, आवाजाच्या पोतात आणि शब्द फेकण्यात असते. रॅप पेटीवर वाजवून काही हाती लागत नाही. अशा गाण्यांसाठी उलट करा. शब्द कागदावर उतरवून चालीविना मोठ्याने वाचा, आणि मग नुसता ठेका हातावर धरून बघा. जुन्या गाण्यांचेही शब्द वाचा बरं का. फक्त यमकासाठी ओढूनताणून आणलेले चंद्र-चांदणे किती आहेत ते तेव्हाच कळतं.

आपलं वय कागदावर लिहा

बैठकीच्या कागदावर मी प्रत्येकाला वरच्या कोपऱ्यात जन्मसाल लिहायला लावतो. मॉरिस हॉलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या सालांची लोकप्रिय गाणी ऐकवली, तेव्हा माणूस साधारण चोवीस वर्षांचा असताना जी गाणी गाजत होती त्यांच्याकडे त्याचा कल सगळ्यात जास्त दिसला. दादाचा जन्म १९५०चा. चोवीस मिळवा. 'पंचाहत्तरनंतर राम उरला नाही' हे वाक्य कुठून आलं ते पटकन दिसतं.

म्हणून दादाचं प्रेम खोटं ठरत नाही. त्या गाण्यांत त्याची पहिली नोकरी आहे, वहिनी आहे, मिरजेच्या स्टेशनवरच्या रात्री आहेत. एवढंच, की 'हे गाणं माझं आहे' आणि 'हे गाणं चांगलं आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. कागदावर त्यांना दोन वेगळे रकाने ठेवा.

आणि कुणी फारच जोरात 'आमच्या वेळी' म्हणायला लागलं तर त्याला १९५२ सालची गोष्ट सांगा. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर त्या साली नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली, कारण ती हलकी आणि उथळ समजली जात. लोकांनी रेडिओचा काटा सिलोनवर, म्हणजे श्रीलंकेच्या केंद्रावर, फिरवला. तिथे त्याच वर्षी बिनाका गीतमाला हा चित्रपटगीतांचा कार्यक्रम सुरू झाला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला आकाशवाणीचीच विविध भारती आली. आज आपण ज्याला सुवर्णकाळ म्हणतो तो तेव्हाच्या जाणत्या माणसांना ऱ्हास वाटत होता. आणि ज्या पेटीवर आमच्या काकू चाली वाजवतात तिच्यावर तर आकाशवाणीने १९४०पासून तीसेक वर्षं बंदी घातली होती.

ठेका आणि श्वास

आता माझ्या पोटातलं सांगतो, कारण इथे मला खरोखर काहीतरी गमावल्यासारखं वाटतं.

मोबाइलचं घड्याळ घ्या आणि केरवा या आठ मात्रांच्या ठेक्यातलं एखादं जुनं गाणं लावा, मूळ प्रत. सुरुवातीच्या आठ आवर्तनांना, म्हणजे ठेक्याच्या आठ पूर्ण फेऱ्यांना, किती सेकंद लागले ते मोजा. मग शेवटच्या अंतऱ्यानंतरची आठ आवर्तनं मोजा. मी मोजलेल्या एका भावगीतात सुरुवातीला चोवीस सेकंद लागले, शेवटी तेवीस. गाणं हळूच पुढे सरकलं होतं. कुणी ठरवून केलं नव्हतं. एका खोलीत गायक, तबलजी, सारंगीवाला, बासरीवाला एकमेकांकडे बघत वाजवत होते आणि रंगत चढली तशी लय चढली. एकाचं चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून वाजवायचं, त्यामुळे प्रत्येकाचा कान दुसऱ्याकडे असायचा. त्याच गाण्याच्या तिसऱ्या अंतऱ्यात गायिका एक आकार अर्धी मात्रा लांबवते. तबलजी ते ओळखतो, समेआधीची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्याआधीची, मात्रा मोकळी सोडतो, आणि दोघं एकदम समेवर उतरतात. हे मी कमीत कमी दोनशे वेळा ऐकलं असेल. अजूनही त्या जागी माझा हात मांडीवर थबकतो.

आता आजचं गाणं मोजा. बहुतेक वेळा पहिली आठ आणि शेवटची आठ आवर्तनं सेकंदाला सेकंद जुळतील, कारण सगळे जण कानात एकच टिकटिक, म्हणजे क्लिक, ऐकत वेगवेगळ्या दिवशी वाजवून जातात. मागे एका स्टुडिओत मला ढोलकी वाजवायला बोलावलं होतं. गाणारी मुलगी माझ्या आधी दोन दिवस येऊन गाऊन गेली होती. मी हेडफोन लावून चार मिनिटं वाजवलं. प्रत्येक अंतऱ्याला थाप वेगळी ठेवली, शेवटी लग्गी, म्हणजे जलद बोल, घेतली, पुडी, म्हणजे ढोलकीचं कातडं, तापवून चढवून ठेवली होती, हाताला मजा आली. महिन्याभराने गाणं ऐकलं. त्यांनी माझी दोन आवर्तनं उचलली होती आणि तीच सगळ्या गाण्याला चिकटवली होती. त्या मुलीचे श्वासही कापून टाकले होते. चार ओळी ती एका दमात गाते असं वाटत होतं. मला तिची काळजी वाटली. उद्या ती स्टेजवर उभी राहील तेव्हा श्वास कुठे घ्यायचा हे तिला कोण सांगणार?

तेव्हा ऐकताना श्वास शोधा. गायक कुठे थांबतो, श्वास घेतल्याचा आवाज येतो का, ओळ तोडताना अर्थ तुटतो का. ऑटोट्यून १९९७ साली बाजारात आलं, त्यानंतर सूर यंत्राने सरळ करता येऊ लागला. मींडेचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा, कोपरा सरळ केला की कानाला ते कळतं, नाव माहीत नसलं तरी कळतं.

पण इथेही चिठ्ठी टाकायला विसरू नका. 'सैराट'ची गाणी २०१६ची, त्यासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन जिवंत वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. म्हणजे 'आता सगळं कॉम्प्युटरवर' हे वाक्य नव्यांना सरसकट लावता येत नाही. आज ज्याला माणसं एकत्र बसवायची आहेत त्याला ती बसवता येतात, खर्च मात्र प्रचंड येतो. पूर्वी दुसरा मार्गच नव्हता.

जुन्यांच्या नावावर जमा न होणारी एक गोष्ट

मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी हातात मिळाली तर लेबल वाचा. गायकाचं नाव आहे, कदाचित संगीतकाराचं, गीतकाराचं. तबला कुणी वाजवला? बासरी कुणाची? नाही. ज्या ढोलकीवाल्याकडे मी शिकलो त्यांनी कितीतरी गाण्यांत वाजवलं, एकाही लेबलवर त्यांचं नाव नाही. तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास जागा, मोजक्या कंपन्या, मोजकी आकाशवाणी केंद्रं. ज्याला त्या दारातून आत घेतलं नाही त्याचं गाणं हवेत विरलं. आज गावातला पोरगा मोबाइलवर गाणं करून जगापुढे ठेवतो. त्यातलं पुष्कळ कच्चं असतं. पण आमच्या बैठकीत एकदा ऊसतोडीला जाणाऱ्या आईबद्दलचं असंच एक गाणं आलं. सूर हलत होता, आणि खोलीतलं कुणी बोललं नाही. पूर्वीच्या कुठल्या कंपनीने ते तबकडीवर घेतलं असतं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या बाजूचंही सांगतो. स्पेनमधल्या काही संशोधकांनी २०१२ साली १९५५ ते २०१० या काळातली साडेचार लाखांहून जास्त पाश्चात्त्य लोकप्रिय गाणी संगणकावर तपासली. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याच्या वाटा कमी झाल्या, वाद्यांच्या आवाजातलं वैविध्य घटलं आणि गाणी मोठ्या आवाजाची झाली, असं त्यांना आढळलं. ते आपल्या गाण्यांना जसंच्या तसं लावू नका, पण कागदावर एक रकाना त्यासाठीही ठेवा. दोन अंतऱ्यांच्या चाली वेगळ्या आहेत का? मधले म्युझिक पीस वेगळे आहेत का, की तेच पुन्हा चिकटवलंय? आमच्या कागदांवर हा रकाना जुन्यांच्या बाजूने जास्त भरतो, चिठ्ठीतली गाणी धरूनसुद्धा. एका गाण्यात दोन वेगळे पीस बांधायला अॅरेंजर, म्हणजे वाद्यांची रचना बांधणारा, लागतो, आणि सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखी गोव्याची मंडळी तेव्हा हिंदी गाण्यांना मिळाली. ते कसब शिकवणारी जागा आज मला कुठे दिसत नाही.

बैठकीचा शेवट

गुण देऊ नका. आम्ही पहिल्या वेळी दहापैकी गुण दिले आणि भांडण आणखी वाढलं. त्याऐवजी प्रत्येकाने एकच वाक्य लिहावं: या गाण्यातली कुठली जागा मला पुन्हा ऐकायची आहे? सेकंद लिहा, म्हणजे थापा चालत नाहीत. 'दोन मिनिटं दहा सेकंद, बासरी खाली येते ती जागा.' मग ती जागा सगळ्यांना पुन्हा ऐकवायची. सलग आठ गाण्यांपेक्षा जास्त लावू नका, कान थकतात. मध्ये चहा ठेवा. कागदांवर तारीख घालून जपून ठेवा.

पुढच्या रविवारी आम्ही १९७४ आणि २०१४ काढलं आहे. १९७४ची चिठ्ठीतली गाणी शोधायचं काम नातीकडे दिलंय, झंकार नको असं बजावून. २०१४ची यादी दादा करतोय. काल रात्री त्याचा फोन आला होता, एका गाण्यातला तबला खरा आहे की मशीनचा, हे विचारायला. मी म्हटलं, आठ आवर्तनं मोज.